भिमव्वाच्या दोरासाठी छावणीपर्यंत

सोलापुरातील बहुतेक मंडळी तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एवढा प्रवास झाला की स्वतःस फिरलेले समजतात. मी त्यांना नावे ठेवीत नाही. परंतु ज्या ठिकाणी दोन देशांचे सैनिक समोरासमोर मांडी घालून एकमेकांना आपापली अवजारे वापरण्याची विद्या शिकवितात, अशा ठिकाणी आपल्या शहरातून माझ्याआधी कोणी गेल्याचा दाखला माझ्या पाहण्यात नाही. सबब हे वर्णन लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आपोआप येऊन पडली आहे.

माझी ओळख थोडक्यात देतो. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली माझी बैठक आहे. मी अर्जनवीस. माझे शालेय शिक्षण मराठी सहावीपर्यंत झाले. पुढील शिक्षण मी त्याच लिंबाखाली एकवीस वर्षे घेत आहे. वकील बोलतात, न्यायाधीश ऐकतात. लिहिणारा मात्र मी असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

छावणी नेमकी कोठे होती आणि पाहुणे कोणत्या देशाचे होते, हे मी लिहिणार नाही. तसे न लिहिण्याबद्दल तेथील कॅप्टनसाहेबांनी मला बजावले आहे, आणि त्यांनी बजावले नसते तरी मी लिहिले नसते. एवढेच सांगतो की, पाहुणे हिमालयाच्या अंगाखांद्यावरील, आपल्याशी स्नेह राखणाऱ्या एका देशाचे होते. आणि छावणी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस अशा एका माळावर होती, की जेथे सावली हवी असल्यास माणसाने स्वतःची टोपी वापरावी.

सोमवार : लिंबाखाली

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. शिमगा नुकताच आटोपला होता आणि ऊन चढू लागले होते. सकाळी अकराच्या सुमारास पन्नाशीतली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावर दोराचे वेटोळे. नाव भिमव्वा. राहणार चिंचहळ्ळी. धंदा अंबाडीचे दोर वळणे.

"अण्णा, अर्ज लिवायचा हाय."

"कोणाविरुद्ध?" मी विचारले. हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न आहे. त्यावाचून लेखणी चालत नाही.

"कुणाच्या इरुद्द न्हाय. दोराच्या बाजूनं."

माझ्या एकवीस वर्षांच्या अनुभवात असा अर्ज आला नव्हता. मी तिला बसावयास सांगितले. हकिगत येणेप्रमाणे निघाली. चिंचहळ्ळीच्या पलीकडील माळावर लष्कराची छावणी पडली होती. आपले जवान परदेशी पाहुण्यांना बिनतारी यंत्र शिकवीत होते आणि पाहुणे आपल्या जवानांना खेचराच्या पाठीवर सामान बांधण्याची डोंगरी रीत शिकवीत होते. बांधण्यासाठी दोर भिमव्वाचे. एके दिवशी उतारावर खेचराच्या पाठीवरचा दोर सुटला, बिनतारी यंत्राची पेटी खाली आली आणि ती नेमकी भांडाराच्या हवालदाराच्या पायावर आली. आता शुक्रवारी तीन अधिकाऱ्यांचे बोर्ड बसणार होते. बोर्डाने दोर कंडम ठरविले, की ते सर्वांसमक्ष जाळून टाकायचे.

"जाळले तर जाळले," मी म्हणालो. "आपण दुसरे वळाल."

भिमव्वाने माझ्याकडे असे पाहिले, की मी चष्मा पुसावयास घेतला.

"अण्णा, माज्या दोरानं धा गावची माणसं गाळ काडायला हिरीत उतरत्यात. जीव हाय की त्यांचा त्या दोरावर! उद्या कोन उतरंल? बाजारात आत्ताच बाया म्हनायल्यात, भिमव्वाचा दोर लष्करात तुटला म्हनून. तुटला न्हाय ओ! तुटल्याला दोर कसा दिसतो अन् सुटल्याला कसा, ह्ये त्या सायबास्नी कोन सांगंल? तुमी सांगा. तुमी शिकल्याले हाय."

शेवटच्या वाक्यातील सत्य मला नाकारता येईना. मी चार दस्ती कागदांवर अकरा कलमांचा अर्ज तयार केला. पहिल्या कलमात अंबाडीचे प्राचीनत्व, दुसऱ्यात अर्जदारणीचे चारित्र्य, तिसऱ्यात लष्कराबद्दल अर्जदारणीस वाटणारा अभिमान, याप्रमाणे चढत चढत मी सातव्या कलमाशी आलो. सातवे कलम हे अर्जाचे हृदय होय. दोष कोणाचा, हे तेथे लिहावे लागते, आणि माझ्या धंद्याचा नियम असा, की दोषी कोणीतरी असावाच. रिकामी जागा सोडल्यास अर्ज दुबळा दिसतो. सबब मी लिहिले : 'सदरहू परकीय पाहुण्यांनी, आमच्या मुलुखातील मालाबद्दल मनात आकस धरून, अर्जदारणीचे दोर हेतुपुरस्सर सैल बांधले व अर्जदारणीस बदनाम केले.' वाक्य उत्तम जमले होते. मी ते दोन वेळा मोठ्याने वाचले, अर्थात भिमव्वा निघून गेल्यावर.

असा अर्ज पोस्टाने पाठविणे म्हणजे हत्तीस बैलगाडीतून पाठविण्यासारखे होते. मी खुद्द जावयाचे ठरविले.

बुधवार : चिंचहळ्ळी

एस.टी.विषयी लिहिण्याजोगे काही नाही. फाट्यावर उतरलो तेव्हा मी आणि माझी सागवानी लेखनपेटी एकाच रंगाचे झालो होतो. भिमव्वा न्यावयास आली होती. तिने पेटी उचलून डोक्यावर ठेवली. पेटी मी कोणाच्या हाती देत नाही असा माझा नियम आहे. परंतु डोक्याबद्दल मी काही ठरविलेले नव्हते, आणि वाट दीड कोसाची होती.

चिंचहळ्ळीत निम्मे बोलणे कानडीत चालते. माणसे कानडीत भांडतात आणि मराठीत समजूत काढतात, असे माझ्या ध्यानात आले. भिमव्वाची जाऊ गौरव्वा हिने आम्हांस वाढले. आमच्या शहरातही कडक भाकरी मिळते, पण गौरव्वाची भाकरी मोडताना जो आवाज झाला, तो ऐकून उंबऱ्यावरचे कुत्रे उठून उभे राहिले. सोबत शेंगांची चटणी, घट्ट दही आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीस नको म्हणालो तेव्हा गौरव्वा भिमव्वास कानडीत काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणतात त्या?" मी विचारले.

"म्हन्ती, कागदावर लई लिवणारा मानूस ताटात कमी जेवतो."

तिसऱ्या प्रहरी मी दोर वळण्याचे काम पाहिले. अंबाडीची कांडे पाण्यात कुजवून त्यांची साल सोललेली असते. त्या सालीचा वाख एकीने चरकास अडकवून फिरवावयाचा आणि दुसरीने वाख पुरवीत मागे मागे जावयाचे. दोर वळणारी माणसे आयुष्यभर उलटी चालतात. आपल्याकडे उलटे चालणे हे अधोगतीचे लक्षण मानतात. चिंचहळ्ळीत त्यावरच प्रपंच चालतो. मला एक टोक धरावयास दिले. मी मोठ्या डौलाने मागे सरकत गेलो आणि बाभळीच्या कुंपणात बसलो. काटे काढून झाल्यावर हात धुऊन मी पुन्हा दोर धरू लागलो, तोच भिमव्वा ओरडली.

"अय्यय्यो! वल्ल्या हातानं नगं! बांधाय घेतल्याल्या दोराला पाणी दावू नये अण्णा!"

"का बरे?"

"दोर रुसतो."

ग्रामीण भागातील अशा समजुती मी टिपून ठेवीत असतो. हीही टिपली. अर्जात मात्र घेतली नाही. दोर रुसण्याविषयी कायद्यात तरतूद नाही.

गुरुवार : छावणी

छावणीच्या दाराशी बंदूकधारी पहारेकरी होता. तो म्हणाला, आत जाण्यास परवानगी लागेल. मी म्हणालो, आम्ही अर्ज देण्यास आलो आहोत. तो म्हणाला, त्यासाठी आत जावे लागेल. तेव्हा मी तेथेच पेटी उघडून, अर्ज देण्यास आत सोडावे याबद्दलचा अर्ज लिहिला. पहारेकऱ्याने तो उलटसुलट पाहिला आणि भांडाराच्या हवालदारास बोलावणे धाडले. लेखणीचे सामर्थ्य भिमव्वाने यावेळी प्रत्यक्ष पाहिले.

हवालदार शिंदे साताऱ्याकडचे. एका पायात बूट, दुसऱ्यात पांढरे फडके आणि चप्पल. भिमव्वास पाहताच त्यांचा चेहरा पडला.

"आलीस व्हय बाई? बघ, बघ तुज्या दोराचा परताप!" त्यांनी पाय पुढे केला. "आंगठा ह्यो एवढा सुजलाय."

"मला बी वाईट वाटतंय की दादा. पन दोर दावा. कुटं तुटलाय त्ये दावा."

"तुटला न्हाई, सुटला. पर आंगठ्याला काय त्येचं?"

अंगठ्यास लागू पडेल असे कलम मी मनातल्या मनात शोधू लागलो.

छावणी पाहून मी थक्क झालो. तंबू एका रांगेत, दगडांना चुना, वाटेवर काडी नाही. आमच्या पेठेतील गटार या वाटेपुढे लाजेने वाहणे थांबवील. तशी ती आताही वाहत नाही, ती गोष्ट वेगळी. माळाच्या एका टोकास आपला एक जवान सहा पाहुण्यांना बिनतारी यंत्र शिकवीत होता. पाहुणे ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गालांवर तांबूस चकाकी असलेले. जवान यंत्राचा एकेक भाग उघडून दाखवी, आणि पाहुणे तो डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून पुन्हा जोडीत. का, असे मी शिंदे यांना विचारले. ते म्हणाले, "त्यांच्याकडं बर्फाचं वादळ आलं म्हंजे डोळं उघडंच ऱ्हात न्हाईत. आमच्या पोरांनी बी आता डोळं झाकून शिकाय घेतलंय."

दुसरीकडे पाहुणे आपल्या जवानांना बर्फावर चालण्याच्या चपला दाखवीत होते. वेताच्या, चाळणीएवढ्या रुंद. बर्फाअभावी त्यांनी एका शेताच्या ओल्या काळ्या रानात त्या घालून चालून दाखविले, आणि आश्चर्य असे, की पाय रुतला नाही. भिमव्वा मोहून गेली.

"आमच्या रानातल्या चिखलाला लई भारी हाय की ह्ये!"

कॅप्टनसाहेब म्हणाले, अर्ज उद्या बोर्डापुढे द्यावा. तोवर पाहुण्यांच्या तंबूत आमची चहाची व्यवस्था झाली; हवालदार शिंदेही लंगडत सोबत आले. तेथे खेचरांच्या सामानाचा उस्ताद भेटला. नाव पासांग. वय भिमव्वाएवढेच, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचे जाळे. त्याने स्वहस्ते मला चहाचा वाडगा दिला. चहा गुलाबी होता, वर लोण्याचा तवंग. मी मोठा घोट घेतला. चहात मीठ होते. आमच्याकडे चहात मीठ पडले तर सासूसुनांचे आठ दिवस बोलणे बंद होते. येथे ते पाहुणचार म्हणून घालतात. गिळावे की न गिळावे या विचारात मी थोडा वेळ गाल फुगवून बसलो. पासांगला वाटले की मला फार आवडला. त्याने वाडगा पुन्हा भरला.

भिमव्वाने फडक्यातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. चटणी जपून खावी अशी सूचना मी देणार, तोच पासांगने मूठभर तोंडात टाकली. मी पाण्याचा तांब्या घेऊन सज्ज राहिलो. त्याने शांतपणे चावून गिळली आणि हिंदीत म्हणाला, "अच्छा है. थोड़ा मिर्ची कम."

सोलापूरच्या चटणीस आजवर कोणी असे बोलले नसेल. भिमव्वा डोळ्यांत पाणी येईतो हसली.

यानंतर माझी खरी पंचाईत सुरू झाली. पासांगने समोरच्या पाटीवरील 'प्रवेश बंद' ही अक्षरे सहज वाचली. मी चौकशी केली, तो कळले की त्यांच्या देशातही आपलीच बाळबोध लिपी चालते. माझ्या पिशवीत सातवे कलम होते, सुवाच्य अक्षरांत, तांबड्या शाईने अधोरेखित केलेले, आणि तेवढ्यात भिमव्वा म्हणाली, "अण्णा, ह्या बाबाला आपला अर्ज वाचून दावा की. त्यो बी दोराचाच मानूस हाय."

"अर्ज ही गोपनीय बाब असते," मी पिशवीवर बसत म्हणालो.

सुदैवाने त्या दोघांचे लक्ष दोराकडे गेले. तिने कमरेचा वाख काढून मांडीवर एक पीळ घालून दाखविला. त्याने तोच वाख घेऊन पीळ उलट्या अंगाने घातला. ती म्हणाली, "डावा हाय की ह्यो!" त्याने तिचा पीळ पाहून मान डोलावली. एकाची भाषा दुसऱ्यास येत नव्हती, पण तास-अर्धा तास दोघे बोलत होते. मग पासांगने आपले स्वतःचे बांधण्याचे साधन काढले. तो दोर नव्हताच. त्यांच्याकडे याक नावाचा एक केसाळ, रेड्यासारखा प्राणी असतो; त्याच्या कच्च्या कातड्याची ती लांब वादी होती. पासांगने ती बादलीत बुडविली, काठीभोवती आवळून बांधली आणि म्हणाला, "गीला बांधो. सूखेगा, तो पकड़ेगा. ऐसा." त्याने मूठ आवळली.

भिमव्वाचे हसू थांबले.

"हवालदारदादा," ती म्हणाली, "त्या दिशी माजा दोर बांधताना बादली हुती का?"

"व्हती की. उस्तादांनी शिकवलंय तसंच आमी करतो. दोर भिजवायचा, आवळायचा, मग निघायचं."

"अय्यो यव्वा!" भिमव्वाने कपाळावर हात मारला. "नोड्री! बघा! कातडं वाळल्यावर आवळतंय. अंबाडी भिजल्यावर आवळती, वाळल्यावर सैल पडती! वल्ला बांधून उनात न्हेला, तर सुटंल न्हाय तर काय!"

म्हणजे पासांगची विद्या खरी होती, आणि दोरही खरा होता. कातड्याची रीत अंबाडीला लावली, एवढेच काय ते घडले होते. आणि ही गोष्ट आदल्याच दिवशी, बाभळीचे काटे काढताना, मला सांगण्यात आली होती. मी ती समजुतींच्या वहीत टिपली होती. याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही.

शिंदे मात्र मान हलवीत राहिले. "बोलून भागत न्हाई बाई. बोर्ड डोळ्यांनी बघतं."

"मग दावू की डोळ्यांनी."

शुक्रवार : बोर्ड

सकाळी नऊ वाजता तंबूच्या छताखाली टेबल मांडून तीन अधिकारी बसले. मधोमध कॅप्टनसाहेब. समोर भिमव्वाच्या दोरांचा ढीग घातला होता आणि ढिगाशेजारी रॉकेलचा डबा. डबा पाहून भिमव्वाने पदर कमरेस घट्ट खोचला.

"अर्ज है?" कॅप्टनसाहेबांनी विचारले.

मी उठलो. घसा साफ केला. पासांग पहिल्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर बसला होता. पहिल्या कलमास प्रारंभ करावा आणि सहाव्याच्या शेवटी खोकला आणावा, असा माझा बेत होता. परंतु 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' एवढे म्हणताच भिमव्वा मध्ये पडली.

"अण्णा, नगा वाचू. सायेब, मला एक खेचर द्या. दोन दोर, एक बादली. अन् ऊन द्या."

शिंदे यांनी ते हिंदीत सांगितले. ऊन मुबलक होते. चमेली नावाचे खेचर आणण्यात आले. हवालदारांच्या अंगठ्यास कारण झालेले तेच. एका बाजूस वाळूचे पोते, भिमव्वाने कोरड्या दोराने बांधलेले. दुसऱ्या बाजूस पासांग आपल्या रीतीने, भिजविलेल्या दोराने, तेवढ्याच वजनाची पेटी बांधणार होता. पेटी कोठून आणावी याचा विचार चालला असता कॅप्टनसाहेबांची दृष्टी माझ्या लेखनपेटीवर गेली.

सरकारी कामात अडथळा आणणे हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. मी अर्ज सुरक्षित राहावा म्हणून पेटीत ठेवला, कुलूप लावले आणि पेटी हवाली केली. वजन भरून काढण्यासाठी तिच्यावर एक दगडांचे पोते चढविण्यात आले.

चमेलीचा फेरा सुरू झाला. माळाच्या टोकापर्यंत जावयाचे, उतार उतरावयाचा, परत यावयाचे. पहिल्या फेऱ्यानंतर शिंदे यांनी दोन्ही दोर ओढून पाहिले. "दोन्ही घट हायती." दुसऱ्या फेऱ्यानंतरही तेच. भिजलेला दोर तर अधिकच घट्ट वाटत होता. एका अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले आणि रॉकेलच्या डब्याकडे पाहिले. भिमव्वा उन्हात उकिडवी बसली होती. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"बाई, कितना टाइम?" कॅप्टनसाहेबांनी विचारले.

"घाई करू नगा म्हनावं. पाणी एका दमात उडत न्हाय. लागू द्या की ऊन."

तिसऱ्या फेऱ्यानंतर पासांग स्वतः उठला. त्याने दोर आणि माझी पेटी यांमध्ये एक बोट घातले. बोट गेले. चौथ्या फेऱ्यानंतर दोन बोटे गेली. पाचव्या फेऱ्यास चमेली उतारावर पोहोचली तेव्हा त्याने तिला थांबविले, सर्वांना दिसेल असा हात वर धरला आणि तो संपूर्ण तळवा दोराखाली सरकविला. मग हात काढून घेऊन तो बाजूस झाला.

चमेलीने, खेचरे करतात त्याप्रमाणे, नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडले.

दगडांचे पोते आधी आले, पेटी मागाहून. यावेळी शिंदे सहा हात दूर उभे होते. अनुभवाने माणूस शहाणा होतो. पेटीचे कुलूप शाबूत राहिले, पण झाकण बिजागरीतून निघाले, आणि आतील काळ्या शाईची नवी बाटली फुटली.

भिमव्वा तिकडे गेलीही नाही. ती खेचराच्या दुसऱ्या बाजूस गेली आणि आपल्या दोराखाली नख घालू लागली. नख गेले नाही. कॅप्टनसाहेब उठून आले. त्यांनीही पाहिले. मग त्यांनी एक मगभर पाणी त्या कोरड्या दोरावर ओतविले. थोड्या वेळाने दोर करकरला आणि पोत्यात आणखी रुतला.

"पाण्यात गेला तर आवळतोच," भिमव्वा म्हणाली. "बांधताना कोरडा पायजे. एवढंच मागणं हाय त्याचं."

बोर्डाने ढिगातील एकेक दोर हातात घेऊन पाहिला. तुटलेला एकही निघाला नाही. कॅप्टनसाहेबांनी कागदावर सही केली आणि रॉकेलचा डबा स्वयंपाकाच्या तंबूकडे परत गेला. भिमव्वा त्या डब्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. मग तिने पदराने तोंड पुसले.

पासांग तिच्यापुढे येऊन हात जोडून उभा राहिला. "मेरा गलती."

"चूक कशाची, बाबा? तुजं बी बराबर, माजं बी बराबर. कातड्याला तुजी रीत, अंबाडीला माजी."

शिंदे यांनी ते त्याला सांगितले, आणि मग भिमव्वाकडे वळून म्हणाले, "अन् माज्या आंगठ्याला कुनाची रीत?"

"त्याला बांधा की फडकं. वल्लं चालतंय!"

तीन अधिकाऱ्यांसह सगळी छावणी हसली. चमेलीनेही पुन्हा अंग झाडले.

मी पेटीपाशी बसलो होतो. चारही कागद शाईत न्हाले होते. पहिल्या कलमातील अंबाडीचे प्राचीनत्व थोडेसे वाचता येत होते. सातवे कलम संपूर्ण काळे झाले होते, तांबड्या रेघेसकट. माझ्या हातचे एवढे उत्तम वाक्य नाहीसे होताना मला एवढा आनंद यापूर्वी झाला नव्हता. इतक्यात माझ्याशेजारी सावली पडली. पासांग. त्याने एक कागद उचलला, उन्हाकडे धरून पाहिला आणि खेदाने म्हणाला, "बहुत लिखा था."

"होय," मी म्हणालो. "पण आता गरज उरली नाही."

कॅप्टनसाहेबांनी मला बोलावून घेतले. भांडारापुढे पाटी लावावयाची होती, दोन्ही देशांच्या जवानांना वाचता येईल अशी. आणि लिपी दोघांची एकच असल्याने त्यांना माझ्यासारखा सिद्धहस्त लेखनिक आयताच मिळाला होता. मी तेथल्या तेथे मजकूर योजिला : 'तमाम जवानांस व मित्रदेशीय पाहुण्यांस याद्वारे कळविण्यात येते की'. परंतु शाई संपली होती. चुन्याचे डबडे आणि काथ्याची कुंची मिळाली. फळी हातभर लांब, वीतभर रुंद. मी कुंची बुडवून फळीकडे बराच वेळ पाहत राहिलो.

"काय लिवताय अण्णा?" भिमव्वाने विचारले.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. एकवीस वर्षांत हे वाक्य मी प्रथमच उच्चारले.

तिने सांगितले, मी लिहिले. वरच्या ओळीत : 'दोर कोरडा बांधा.' खालच्या ओळीत : 'वादी भिजवून बांधा.' पासांगने ते मोठ्याने वाचले. 'वादी'पाशी तो अडला, तेव्हा भिमव्वाने त्याच्याच कमरेच्या वादीस हात लावला. मग त्याने मान डोलावली आणि आपल्या हाताने फळी ठोकली. माझे सर्वांत आखूड लिखाण ते हेच, आणि माझ्या डोळ्यांसमोर पाचपंचवीस माणसांनी उभे राहून वाचलेलेही हेच.

परत लिंबाखाली

भिमव्वा मला फाट्यापर्यंत पोहोचवावयास आली. माझी बिनझाकणाची पेटी तिने आपल्या नव्या दोराने बांधून दिली होती. तिच्या गळ्यात पासांगने दिलेली याकच्या कातड्याची वादी होती आणि ती कशासाठी वापरावी, याचा विचार ती वाटभर मोठ्याने करीत होती. त्या रविवारच्या बाजारात चिंचहळ्ळीच्या शेजारच्या गावाने विहिरीसाठी तिच्याकडून दोर घेतला, असा निरोप मला पुढे एका पक्षकाराकडून मिळाला. दोर घेणाऱ्याने तो तिच्यासमोर ओढून पाहिला नाही, असेही त्याने सांगितले.

पेटीस नवे झाकण बसले आहे. दोर मी सोडलेला नाही. कोर्टात येणाऱ्यांस तो दिसतो, ते विचारतात, आणि मग मला हे सर्व सांगावे लागते.

धंद्यात मात्र एक फरक पडला. सातवे कलम मी आता कोरे ठेवतो. पक्षकारास म्हणतो, जागा दाखवा, मग लिहितो. जागा कधी बांधावर असते, कधी ओढ्यात, कधी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या घरी. तेथे चहा होतो, गोडच असतो. पुष्कळदा परत येताना ते कलम कोरेच राहते आणि अर्ज दहा कलमांवर आटोपतो. आवारातील मंडळी म्हणतात, अर्जनवीस हल्ली बैठकीवर सापडत नाही, फार हिंडतो. खरे आहे. मी फिरलेला माणूस आहे.